सूर्याचे तीळ : तिसरीच्या वर्गाबरोबर केलेल्या प्रकल्पाच्या नोंदी

6 जानेवारी

मुख्याध्यापकांनी विज्ञान दिनाची कामं वाटली. चौथीला पाणी, दुसरीला झाडं आणि आमच्या तिसरीला 'सूर्याचा अभ्यास करणारा जुना शास्त्रज्ञ'. मुदत 28 फेब्रुवारी. नेहमीचा रस्ता ठरलेला असतो : दाढीवाल्या गॅलिलिओचं चित्र, खाली चार ओळी, त्या पाठ करून माईकवर म्हणायच्या. गेल्या वर्षी न्यूटनचं असंच केलं. आठवड्यानं विचारलं तर एकानं छातीठोकपणे सांगितलं, "सफरचंदाचा शोध लावला, बाई."

म्हणून यंदा ठरवलं की गॅलिलिओ सांगायचा नाही, तो करत होता तेच करायचं. 1612 च्या जून-जुलैत तो रोज सूर्याचं चित्र काढायचा आणि त्यावरचे डाग टिपायचा. आपणही रोज एक गोल आणि त्यात ठिपके काढायचे. तिसरीतल्या पोरांना याहून जास्त काय यायला हवं, असं त्या दिवशी वाटलं होतं. पुढचं वाचलंत की कळेल.

हे कुणी करून बघणार असेल तर एकच गोष्ट आधी सांगते. सूर्याकडे थेट बघायचं नाही. दुर्बिणीतून तर नाहीच नाही, आणि गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच यांतलं काही लावूनही नाही. आम्ही जे पाहिलं ते सगळं कागदावर.

9 जानेवारी

दुर्बीण नव्हती, म्हणून सुरुवात भोकानं केली. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून ऊन आत आलं की समोर सूर्याचा गोल उमटतो. योहानेस फॅब्रिसियस आणि त्याच्या वडलांनी 1611 मध्ये हेच केलं होतं. आधी दोघं उगवता सूर्य दुर्बिणीतून थेट बघत होते. डोळे दुखायला लागल्यावर शहाणे झाले आणि खोली अंधारी केली. सूर्यावरच्या डागांवरचं पहिलं छापील पुस्तक या 24 वर्षांच्या पोराचंच.

आमच्याकडे भोकं भरपूर. वर्गातल्या एका मुलीचे वडील लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आहेत, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. त्यांनी जेकार्डची जुनी कार्डं आणून दिली. चादरीवरचा मोर ज्या पुठ्ठ्याच्या भोकांमुळे उमटतो, तीच. दक्षिणेच्या खिडक्यांना घरच्या दोन चादरी लावल्या आणि एका फटीत कार्ड बसवलं.

फरशीवर सूर्य आलाच नाही, नुसता पांढुरका पट्टा आला. अर्धा तास चादरी घट्ट करण्यात गेला. चूक चादरींची नव्हती. भोकं एकमेकांना इतकी जवळ की प्रत्येक भोकाचा सूर्य शेजारच्या सूर्यावर चढलेला. एक सोडून बाकी सगळ्या भोकांवर चिकटपट्टी मारली तेव्हा एक गोल स्वच्छ दिसला.

11 जानेवारी

गोल दिसतो, डाग दिसत नाहीत. हिशेब असा की भोकापासून 107 सेंटीमीटरवर सूर्य 1 सेंटीमीटरचा होतो. खिडकीपासून फरशीपर्यंत तिरपं अंतर सुमारे 3 मीटर, म्हणजे सूर्य पावणेतीन सेंटीमीटरचा. भोकच काही मिलिमीटरचं असल्यावर त्याहून बारीक काही उमटणार कसं? सुईनं बारीक भोक पाडलं तर गोल इतका फिका पडला की पोरं म्हणाली, "बाई, चंद्र आला."

तीन दिवस गेले. पदरात एकच गोष्ट पडली. दुसऱ्या कार्डाला मुद्दाम तिकोनी भोक पाडलं होतं, तरी फरशीवर गोलच आला. त्यावर वर्गात जेवढं भांडण झालं तेवढं संपूर्ण प्रकल्पात दुसऱ्या कशावर झालं नाही.

15 जानेवारी

काल संक्रांत. संध्याकाळी सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर खेळण्यातली दुर्बीण दिसली, 220 रुपये. घेतली. आज शाळेत तिची मागची बाजू कागदाकडे करून उन्हात धरली. दीड-दोन मिनिटांत जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आतली कडी मऊ होऊन भिंगावर ओघळली होती. दुकानदाराचा काही दोष नाही, त्यानं ती सूर्यावर रोखायला विकली नव्हती. 220 रुपये गेले, पण दुर्बिणीत ऊन एकवटतं म्हणजे काय हे पोरांना नाकानं समजलं. ती वितळलेली कडी काचेच्या बरणीत ठेवली आहे. इजा होऊ नये म्हणून पुढे जे जे नियम केले, ते सगळे या बरणीकडे बोट दाखवून सांगितले.

22 जानेवारी

आमचे एक सर नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पक्षी बघायला जातात. त्यांची 10 बाय 50 ची धातूची दुर्बीण मागून आणली. देताना म्हणाले, "बाई, माळढोक दिसला नाही तरी चालेल, पण ही परत आली पाहिजे."

एका नळीवर झाकण तसंच ठेवलं. दुसऱ्या नळीच्या तोंडावर पुठ्ठा लावला आणि त्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडलं. सगळं 50 मिलिमीटर तोंड उघडं ठेवलं तर आतल्या भिंगांना फार ताप होतो. गड्ड्यातला धडा ताजा होता. दुर्बीण कॅमेऱ्याच्या तिपाईला सुतळीनं बांधली. सूर्य शोधताना दुर्बिणीतून बघायचं नाही. तिची जमिनीवरची सावली बघायची. सावली सर्वांत आखूड झाली की दुर्बीण सूर्याकडे रोखलेली असते. हे जमायला मला वीस मिनिटं लागली. नंतर एक मुलगी अर्ध्या मिनिटात करायला लागली.

मागे मीटरभर अंतरावर पांढरा कागद धरला. आधी झगझगीत धुरकट डाग आला. डोळ्याकडचं भिंग फिरवत गेले तशी कड धारदार झाली आणि गोलात, मधल्या भागाच्या जरा वर, दोन काळे ठिपके. शेजारी बारीक तिसरा.

मला आधी भिंगावरची धूळ वाटली. कागद हलवला तरी ठिपके सूर्यातच. दुर्बीण हलवली, ठिपके सूर्याबरोबरच सरकले. धूळ असती तर जागची हलली नसती. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, सूर्याला तीळ आलेत की!" आठवड्यापूर्वीच तिळगूळ खाल्लेला, त्यामुळे तेच नाव पक्कं झालं. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुली 'मच्चलु' म्हणतात. दोन्ही शब्द फळ्यावर आहेत.

24 जानेवारी

आज थोडक्यात निभावलं. मी तिपाईचा पाय नीट करत होते. तेवढ्यात एक पोरगा तीळ जवळून बघायचा म्हणून भिंग आणि कागद यांच्या मधे वाकला. अण्णा तिथंच उभे होते, त्यांनी खांद्याला धरून मागे ओढला. काही झालं नाही, कानामागे चटका बसला तेवढाच. पण डोळा तिथून वीतभरच दूर होता. खडूनं लक्ष्मणरेषा आखली होती, ती या वयात दोन मिनिटं टिकते. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

काम थांबवलं. भिंगापासून कागदापर्यंतचा सगळा रस्ता बंद होईल असं काहीतरी झाल्याशिवाय दुर्बीण बाहेर काढायची नाही.

31 जानेवारी

खोकं तयार झालं. टॉवेलच्या पॅकिंगचे दोन लांब खोके एकमेकांत सरकवून मीटरभर लांब केले. एका टोकाला दुर्बिणीची मागची बाजू आत, दुसऱ्या टोकाला कागद, कागदाजवळच्या बाजूला एक खिडकी. त्या खिडकीतून कागद दिसतो, हातही जातो, पण डोकं भिंगापर्यंत पोचत नाही. मागे काळोख पडावा म्हणून वरून चादर. अण्णांनी खाली लाकडी पट्टी आणि नट-बोल्ट लावून खोकं वर-खाली होईल अशी सोय केली. खोके सरकते ठेवण्याचं कारण असं : कागदावर आधीच 9 सेंटीमीटरचा गोल काढायचा आणि सूर्य त्यात नेमका बसेपर्यंत कागद पुढे-मागे करायचा. गॅलिलिओचीही हीच रीत. ती त्याला सुचवली त्याच्या शिष्यानं, बेनेदेत्तो कास्तेल्ली नावाच्या साधूनं. विद्यार्थ्यानं गुरुजींना शिकवलं हे वर्गाला इतकं आवडलं की मला दोन दिवस जड गेले.

एक अडचण आधी लक्षात आली नव्हती. सूर्य थांबत नाही. सव्वादोन मिनिटांत अख्खा गोल कागदावरून सरकून जातो. चित्र काढणारा वेगळा आणि दुर्बीण हळूहळू वळवत राहणारा वेगळा, अशा जोड्या कराव्या लागल्या. वळवणाऱ्याला 'अरुण' नाव दिलं, सूर्याच्या रथाचा सारथी. मुलगी असली तरी त्या दिवसापुरती ती अरुणच.

7 फेब्रुवारी

3 तारखेपासून रोज सव्वादहाला एक चित्र, अशी पाच झाली. आज ती ओळीनं भिंतीवर लावली. तीळ सोमवारी वर, मंगळवारी डावीकडे, बुधवारी खाली, गुरुवारी पुन्हा वर. सूर्य नाचतोय का?

नाचत होता तो आमचा कागद. जो येईल तो वाटेल तसा कागद टाचणीनं लावत होता. एक चित्र तर वहीच्या आडव्या पानावर. वरची बाजू कुठली हे एकाही कागदावर नाही. पाचही चित्रं वाया.

चिडचिड झाली. पोरांवर नाही, स्वतःवर.

8 फेब्रुवारी

उपाय सोपा निघाला. गोलात चित्र काढण्याआधी अरुणानं हात सोडायचा. सूर्य आपोआप सरकू लागतो. एक तीळ निवडायचा, तो सरकत जाईल तशी त्याच्या मागोमाग पेन्सिलनं तीन-चार टिंबं द्यायची आणि ती जोडायची. ती रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम, आणि सूर्य ज्या बाजूला सरकला ती पश्चिम. तिथं 'प' लिहायचा. मग कागद कसाही लावला तरी भिंतीवर लावताना रेघा आडव्या केल्या की झालं. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून आज वेळ सव्वाआठची होती आणि गोल तिरका झाला. तरी रेघेमुळे चूक झाली नाही.

पांढऱ्या कागदाऐवजी बटर पेपर वापरा. अशा दुर्बिणीतून कागदावर पडणारं चित्र उलटं असतं. गॅलिलिओनं यावर लिहून ठेवलेली युक्ती अशी की कागद उलटा करायचा आणि मागच्या बाजूनं उजेडाकडे धरून बघायचं, मग आकाशात आहे तसं दिसतं. जाड कार्डशीटमधून हे दिसत नाही. मी आधी पन्नास कार्डशीट आणून ठेवली होती. ती आता चौथीच्या पाण्याला गेली.

आज पूर्वेच्या कडेला एक नवा तीळ दिसला. बारीक, रेघेसारखा.

11 फेब्रुवारी

तो रेघेसारखा तीळ आत सरकलाय आणि चांगला गोल झालाय. रविवारचं चित्र नाही, तरी वाट सरळ दिसते.

पोरांनी विचारलं, आधी तो बारीक का होता? उत्तर द्यायचं टाळलं. मोसंबी आणली, तिच्यावर टिकली लावली आणि हळूहळू फिरवली. समोर टिकली गोल, कडेला गेली की बारीक रेघ. मग तारेच्या टोकाला फुटाणा खोचून मोसंबीभोवती फिरवला. फुटाणा कुठंही गेला तरी गोलच. चारशे वर्षांपूर्वी इटली आणि जर्मनीत हाच वाद होता, असं सांगितलं. ख्रिस्टोफ शायनर नावाच्या पाद्र्याचं म्हणणं की सूर्य निष्कलंक आहे, हे त्याच्याभोवती फिरणारे लहान गोळे. म्हणजे फुटाणा. गॅलिलिओ म्हणाला की कडेला ते चपटे होतात, म्हणजे ते सूर्यावरच आहेत. म्हणजे टिकली. वर्गात मतदान घेतलं. टिकली 29, फुटाणे 6. फुटाण्यांच्या बाजूचे चौघे फुटाणे मिळतील म्हणून होते. पुढे शायनरलाही टिकलीच पटली. मग त्यानं वर्षानुवर्षं सूर्य टिपला आणि 1630 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ छापून पुरा केला. चुकलेल्या माणसानं पुढे इतकं नेटानं काम केलं, हे मला गॅलिलिओच्या जिंकण्याहून जास्त आवडतं. गॅलिलिओला मात्र शायनर आवडला नाही.

14 फेब्रुवारी

माझी चूक. डाग काळे का, तर मी सहज म्हणून गेले, "भाकरीवर कसे डाग असतात, तसे." आमच्याकडे कडक भाकरी सगळ्यांच्या घरात, लगेच पटलं. दुपारी एकीनं वहीत लिहिलं : सूर्य तिथं जास्त तापून करपला. बरोबर उलटं! सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,500 अंश सेल्सिअस आणि डाग त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड, म्हणून तो शेजारच्या लखलखाटात काळा वाटतो. दुसऱ्या दिवशी भाकरी मागे घेतली. स्वयंपाकाच्या मावशींच्या शेगडीतले निखारे दाखवले. पांढरट तापलेल्या निखाऱ्यांत एखादा मंद लाल निखारा काळपट वाटतो. चिमट्यानं तोच उचलून काळोख्या कोपऱ्यात नेला की तो लाल चमकतो. हे बसलं. भाकरीचं उदाहरण कुणी देऊ नका, ते लवकर पटतं हीच त्यातली खोड.

17 फेब्रुवारी

आणखी एक दुरुस्ती. सूर्याकडे बघून गॅलिलिओ आंधळा झाला, असं मीच सुरुवातीला भीती घालायला सांगितलं होतं. तसं झालं नव्हतं. त्याची दृष्टी गेली ती सत्तरी ओलांडल्यावर, 1638 च्या सुमारास. डागांची चित्रं त्याआधी पंचवीस वर्षं काढलेली, तीही कागदावर पाडून. पोरांसमोर उभं राहून "माझं चुकलं" म्हणाले. एकानं विचारलं, "मग आता बघायचं का?" बरणीतली कडी दाखवली.

आज आकारही मोजला. आमच्या 9 सेंटीमीटरच्या सूर्यावर पृथ्वी जेमतेम 0.8 मिलिमीटरची, कारण सूर्य रुंदीला 109 पृथ्व्यांएवढा. राजगिऱ्याचा बारकातला बारका दाणा घेऊन चित्राशेजारी चिकटवला. त्याच्याशेजारी खराखुरा तीळ ठेवला, 3 मिलिमीटरचा. आमच्या काळ्या ठिपक्यावर तो बरोबर बसला. म्हणजे त्या एका तिळात ओळीनं साडेतीन पृथ्व्या. "आणि सोलापूर कुठाय?" असं विचारणाऱ्याला राजगिऱ्याकडे बघत बसायला सांगितलं.

20 फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी. आज तो तीळ पश्चिमेच्या अगदी कडेला, पुन्हा रेघेसारखा. 8 तारखेला आला, आज चालला. बारा-तेरा दिवस. पोरांना गेल्याचं वाईट वाटलं. सूर्य फिरतो, आपल्याकडून बघितलं तर साधारण 27 दिवसांत त्याचा एक फेरा होतो, म्हणजे टिकला तर तो मागून फिरून परत येईल. हे बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की परत येण्याचा दिवस विज्ञान दिनाच्या आठवडाभर नंतरचा आहे.

28 फेब्रुवारी

प्रदर्शन. सकाळी साडेदहाला खोकं अंगणात मांडलं. पाहुण्यांचं भाषण लांबलं, तोवर ऊन पिंपळाच्या फांदीआड गेलं. खोकं उचलून दुसरीकडे नेताना फोकस हलला. तो परत जुळवला एका आठ वर्षांच्या मुलीनं, मी नाही. रांगेत एक आजी आल्या, खिडकीतून बघून विचारलं, "आज गिराण हाय काय गं?" मुलीनं त्यांना टिकली आणि फुटाण्याचं सगळं करून दाखवलं. माईकवर कुणी काही पाठ म्हटलं नाही, त्यामुळे बक्षीस दुसरीच्या झाडांना गेलं.

खर्च विचारणाऱ्यांसाठी : गड्ड्यातली दुर्बीण 220, बटर पेपर 80, चिकटपट्टी 70, नट-बोल्ट 30, उन्हात उभ्या राहणाऱ्यांना लिंबू सरबत 150. एकूण 550. कार्डशीट मोजलेली नाहीत, ती लाज आहे. दुर्बीण उधारीची, खोके फुकट. वेळेचा हिशेब वाईट आहे : भोकात तीन दिवस, खोक्यात आठवडा, उलट्यासुलट्या कागदांत पाच दिवस.

7 मार्च

सरांना दुर्बीण आणखी आठवडाभर राहू द्या म्हणाले होते. आज पूर्वेच्या कडेला बारीक रेघ. पोरांनी 8 फेब्रुवारीचा बटर पेपर आणला, आजच्या कागदावर ठेवला, 'प'वर 'प' जुळवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावून धरले. रेघ रेघेच्या अगदी जवळ, केसभर खाली. निम्मा वर्ग म्हणतो तोच मच्च. चष्मेवाला म्हणतो की जागा तीच असली म्हणून माणूस तोच कशावरून, बसमधल्या सीटसारखं. त्याचं म्हणणं खोडता आलं नाही. सोमवारी सव्वादहाला पुन्हा चित्र. अरुण कोण, यावरून अजून भांडण चालू आहे.